बेचाळीस अंशांतला निसर्गरम्य विवाह

नांदेड जिल्ह्यात निसर्ग नाही असं ज्याला वाटत असेल त्यानं ऑगस्टमध्ये किनवट तालुक्यातल्या इस्लापूरला जावं. जवळच सहस्रकुंडला पैनगंगा काळ्या कातळावरून अशी कोसळते की शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं. त्याच दिवसांत कंधारच्या किल्ल्याचा खंदक भरलेला असतो, माहूरच्या डोंगरावर ढग उतरतात आणि उदगीरजवळच्या हत्तीबेटावर चढताना चपला चिखलात राहतात. लातूरकडं जावं तर रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोयाबीन, नजर थकेपर्यंत हिरवं. फोटो काढायला एवढा चांगला काळ वर्षात दुसरा नाही.

अडचण एवढीच की या चार महिन्यांत देव झोपलेले असतात. आषाढी एकादशीला निजलेले विष्णू कार्तिकीला उठतात, मग तुळशीचं लग्न लागतं आणि त्यानंतर माणसांची पाळी येते. तोवर सोयाबीन कापून, मळून बाजार समितीत पोचलेलं असतं. रानं काळी पडलेली असतात. ज्वारी-हरभरा जरा वर येऊन रान पुन्हा दिसायला लागावं, तर मध्ये पौष आडवा येतो. लग्नांचा खरा धडाका एप्रिल-मेत. तेव्हा सहस्रकुंडाला पाणी शोधावं लागतं आणि माहूरच्या वाटेवरचा साग निष्पर्ण उभा असतो. पंचांगकर्ते हल्ली चातुर्मासातलेही आपत्कालीन मुहूर्त छापतात, पण आजोबांची तब्येत किंवा पोराचा व्हिसा ही आपत्ती धरली जाते. 'धबधब्याला पाणी आहे' हे कारण अजून कोणत्याही वडीलधाऱ्याच्या गळी उतरलेलं नाही.

म्हणजे निसर्ग असतो तेव्हा लग्न नसतं आणि लग्न असतं तेव्हा निसर्ग नसतो. नेमकी याच भागातल्या पोरापोरींना आता उघड्या आभाळाखाली, निसर्गाच्या सान्निध्यात लग्न करायचं आहे. हा पेच सोडवण्यासाठी जो माणूस पैसे देऊन आणला जातो त्याला फोटोग्राफर म्हणतात. बैठकीतली जुनी मंडळी त्याला 'शूटिंगवाला' म्हणतात आणि लग्नाच्या दिवशी, काम अडलं की, 'सर'.

तारखेनंतर प्रश्न येतो वेळेचा, आणि तिथं खुद्द सूर्य विरोधी पार्टीत आहे. लातूर साधारण साडेअठरा अक्षांशाच्या किंचित खाली, नांदेड एकोणिसाच्या जरा वर. मेच्या मध्यावर सूर्य या दोन्ही गावांच्या बरोबर डोक्यावर येतो, लातूरला १३ मेच्या सुमारास आणि नांदेडला त्यानंतर तीन-चार दिवसांनी. शून्य सावलीचा दिवस तो हाच. खगोलप्रेमी मंडळी त्या दिवशी गच्चीवर बाटल्या उभ्या करून त्यांची सावली गायब झालेली बघतात. ही गंमत घडते घड्याळात साधारण बारा वाजून वीस मिनिटांनी. आता मेमधली कुठलीही लग्नपत्रिका उघडावी. दुपारी १२ वाजून ३१ मिनिटं. दिवसाच्या ऐन मध्यावरच्या अभिजित मुहूर्ताला म्हणे कुठलाच दोष लागत नाही. ज्योतिषात लागत नसेल, फोटोत लागतो. डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे, नाकाची सावली थेट वरच्या ओठावर, आणि नवरीनं लाजून मान खाली घातली की उन्हानं, हे तिच्या आईलाही सांगता येत नाही.

त्यात कॅमेऱ्याबरोबर येणारं माहितीपत्रक. बहुतेक कंपन्या त्यात कॅमेरा वापरण्याची तापमानमर्यादा शून्य ते चाळीस अंश छापतात. नांदेडचा मे बेचाळीसच्या खाली क्वचितच समाधान मानतो. जपानमध्ये बसून ती मर्यादा ठरवणाऱ्या अभियंत्याच्या डोळ्यांसमोर बाराच्या उन्हात, डीजेच्या ट्रकमागं उलट चालत, घामानं भिजलेल्या बोटांनी व्हिडिओ काढणारा भोकरचा पोरगा नसणार हे उघड आहे. कॅमेरा तापतो, पडद्यावर थर्मामीटरचं चित्र येतं आणि तो स्वतःहून बंद होतो. वऱ्हाडाला तशी सोय नाही.

तसं पाहिलं तर या मुलखाला फोटोग्राफीचं घराणं मोठं लाभलेलं. नांदेड-लातूर निजामाच्या राज्यात होते तेव्हा दरबाराचे छायाचित्रकार होते लाला दीनदयाल. सहावे निजाम महबूब अली खान यांनी त्यांना 'राजा मुसव्विर जंग' असा किताब दिला. पडद्यातल्या बायकांसाठी दीनदयाल यांनी १८९२ साली हैदराबादेत वेगळा जनाना स्टुडिओ काढला आणि तिथं कॅमेऱ्यामागं एका इंग्रज बाईला बसवलं. गिऱ्हाइकाची अडचण आधी ओळखायची, भिंग मग निवडायचं, हा धंद्याचा कानमंत्र त्यांना सव्वाशे वर्षांपूर्वीच कळला होता. त्यांच्या फोटोत सरदार-जहागीरदार दगडासारखे निश्चल उभे दिसतात. तेव्हाच्या काचा प्रकाशाला सुस्त होत्या, हलून चालत नसे. आज सेकंदाच्या हजाराव्या भागात फोटो निघतो, तरी स्टेजवर गेलेला मराठवाड्याचा पाहुणा तसाच उभा राहतो. दोन्ही हात खाली, नजर समोर, श्वास बंद.

फोटोपायी लग्नाची वेळ हलवावी का, हा वादही जुना. राणी व्हिक्टोरियाचं लग्न १८४० सालचं. फोटोग्राफीचा शोध जाहीर होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं, त्यामुळं लग्नात कॅमेरा नव्हता. चौदा वर्षांनी, १८५४ मध्ये, रॉजर फेंटन यांनी राणी आणि अल्बर्टचे दरबारी पोशाखातले फोटो काढले आणि ते आजतागायत लग्नाचे फोटो म्हणून फिरतात. तोवर राणीला आठ मुलं झाली होती. आपल्याकडं मंगळसूत्र दोनदा घालायला लावलं म्हणून फोटोग्राफरवर चिडणाऱ्या गुरुजींनी हे उदाहरण ध्यानात ठेवायला हरकत नाही.

आज पन्नाशीत असलेल्यांच्या लग्नात रोल छत्तीस फोटोंचा असे. वरपक्षानं दोन रोल सांगितले तर बाहत्तर फोटो, त्यातले चार उडालेले, दोन फोटोंत डोळे मिटलेले मामा. प्रत्येक फोटोला हिशेब होता म्हणून फोटोग्राफर शहाण्यासारखा वागे. अक्षदा, सप्तपदी, कन्यादान, आहेर, पंगतीचे दोन आणि नवरीच्या निरोपाला एक. मग व्हिडिओ कॅसेट आली. तिच्यात मिक्सिंग आलं आणि बदामाच्या आकारात नवरानवरी काश्मीरच्या तलावावर फिरायला लागले. निसर्गरम्य लग्नाची हौस काही आजची नाही. फरक इतकाच की तेव्हा निसर्ग मागून जोडला जाई, आता माणसांना उचलून निसर्गात नेतात.

या नव्या हौसेचा उगम शोधायचा तर तो ११ डिसेंबर २०१७ या तारखेपर्यंत नेता येतो. त्या दिवशी इटलीतल्या टस्कनीत विराट कोहली आणि अनुष्का शर्माचं लग्न झालं. जोसेफ राधिक यांनी काढलेले त्या लग्नाचे फोटो बघता बघता औसा, अहमदपूर, देगलूरपर्यंत सगळ्यांच्या मोबाइलवर पोचले. मऊ ऊन, फिकट गुलाबी फुलं, मागं टेकड्या, मोजके पाहुणे. त्यानंतर जी मुलगी उपवर झाली तिच्या फोनमध्ये हे फोटो साठवलेले असतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये पंतप्रधानांनीही 'मन की बात'मध्ये परदेशात जाऊन लग्नं करण्यापेक्षा देशातच करा असं सुचवलं. लातूरकरांनी ते आधीपासूनच पाळलं होतं, पण आता त्याला धोरणाचा दर्जा मिळाला.

नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या गंजगोलाईच्या आसपास, फोटो स्टुडिओच्या वातानुकूलित केबिनमध्ये होणारी ठरावाची बैठक बघण्यासारखी असते. मुलीचे वडील, मामा, मुलगी, आणि फोनच्या पडद्यावर हिंजवडीहून नवरदेव. मुलगी टस्कनी दाखवते.

"दादा, असा लाईट पायजे."

"ताई, तिथं डिसेंबर व्हता. आपली तारीख काय?"

"सोळा मे."

"टाइम?"

"बारा एकतीस."

फोटोग्राफर पाणी पितो. अनुभवी असेल तर काही बोलत नाही, नवखा असेल तर 'होऊन जाईल' म्हणतो. पुढचा सगळा गोंधळ या 'होऊन जाईल'मधून सुरू होतो.

मामांना प्रकाशात रस नसतो. त्यांचा प्रश्न संख्येचा.

"ड्रोन किती?"

"एक देतो मामा."

"आमच्या साडूच्या पोरीच्या लग्नात एकच व्हता."

"मग?"

"मग दोन लिहा की. कामून कमी लिहुलालाव?"

एलईडी वॉल, क्रेन, यूट्यूबवर थेट प्रक्षेपण, कॅन्डिड एक, ट्रॅडिशनल दोन, सिनेमॅटिक एक, करिझ्मा अल्बम चाळीस पानी, सोबत कॅलेंडर आणि फोटो छापलेला चहाचा मग मोफत. मोफतवर सगळ्यांचं एकमत होतं. मुलीचे वडील तेवढ्या वेळात वेगळाच गुणाकार करत असतात. समजा पॅकेज एक लाखाचं. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. म्हणजे जवळपास एकोणीस क्विंटल, तेही आडतीवर हमीभाव मिळाला तर, आणि तो मिळत नाही हे त्यांना पाठ. साधारण अडीच एकराचं पीक. दुसऱ्या ड्रोनपाशी ते दोन क्विंटलला अडखळतात. वरून लग्न दिसावं म्हणून दोन क्विंटल? वरून दिसणार काय तर मांडवाचं कापड. हा मुद्दा बिनतोड असतो, पण मामा मानाचे असतात.

विचारायला हवेत ते प्रश्न या बैठकीत सहसा निघत नाहीत. पहिला असा की त्या दिवशी कॅमेरा धरणार कोण? मोठ्या तिथीला एका गावात पंचवीस लग्नं असतात. नावाजलेला फोटोग्राफर त्यातली चार घेतो आणि तीन ठिकाणी पोरं पाठवतो. त्यातला एखादा गेल्या महिन्यापर्यंत मोबाइलच्या दुकानात काच बसवत होता. काच बसवणं ही हलकी कला नव्हे, पण वेगळी आहे. दुसरा प्रश्न, भिंतीवरचे निवडक फोटो राहू द्या, मेमधल्या दुपारच्या एखाद्या लग्नाचा अख्खा अल्बम दाखवता का? निवडक फोटो सगळ्यांचेच चांगले असतात. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत माणसांचे चेहरे माणसांसारखे दिसतात का ते अल्बममध्ये कळतं. तिसरा, कॅमेऱ्यात दोन कार्डं एकदम चालतात का आणि त्याच रात्री दुसऱ्या हार्ड डिस्कवर उतरवून ठेवता का? चौथा, हे सगळं कागदावर लिहून देता का? पैसे घेऊन फोटो न देणं ही ग्राहक संरक्षण कायद्याच्या भाषेत सेवेतली त्रुटी ठरते, पण आयोगापुढं जायला हातात पावती लागते आणि 'आपले संबंध हायेत की काका' या वाक्याची पावती मिळत नाही.

लग्नाला सहा महिने असतील तर प्री-वेडिंग येतं, आणि मराठवाड्यापुरतं बोलायचं तर त्याला थोडा तरी अर्थ आहे. लग्न मेमध्येच लागणार असेल तर निसर्ग सप्टेंबरात उरकून घ्यावा हे व्यवहारी शहाणपण. साखरपुडा झालेली जोडपी म्हणून पावसाळ्यात गाडी काढतात. लातूरकरांचा ओढा नळदुर्गकडं. तिथल्या किल्ल्यात बोरी नदी अडवून बांधलेला पाणीमहाल आहे आणि नदी भरली की बांधावरून दोन धबधबे पडतात. त्यांची नावं नर आणि मादी. याहून सोयीची जागा सरकारी खर्चानं बांधता आली नसती. नांदेडकर कंधार किंवा होट्टलला जातात. राष्ट्रकूटांच्या काळापासूनच्या कंधारच्या तटबंदीनं वेढे पाहिले. आता तीच तटबंदी पंधरा फूट मागं लोंबणारा झगा सांभाळत बुरुजावर वाऱ्याची वाट बघणारी नवरी पाहते. वारा येतो तेव्हा झग्याबरोबर ओढणी आणि फोटोग्राफरची उजेड फेकायची चांदीरंगी पाटीही उडते. खाली शेळ्या राखणारे आजोबा थांबून बघतात.

"काय करुलालेत हे?"

"लग्नाचे फोटो, बाबा."

"लगीन झालं?"

"न्हाई अजून."

आजोबा शेळ्या वळवून निघून जातात. समाजाचं या विषयावरचं मत त्यात आलं. २०२५ मध्ये अहिल्यानगरला मराठा समाजाच्या बैठकीत लग्नासाठी आचारसंहिता ठरली, तिच्यात प्री-वेडिंग आणि डीजे नको, लग्न वेळेवर लागावं, कर्ज काढून थाट करू नये अशी कलमं आली. शीख धर्माच्या पाच तख्तांपैकी एक सचखंड श्री हजूर साहिब नांदेडातच आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमृतसरच्या अकाल तख्तावरून समुद्रकिनाऱ्यांवर आणि रिसॉर्टमध्ये आनंद कारज, म्हणजे शीख पद्धतीचं लग्न, लावायला मनाई झाली. त्यामुळं शहरातल्या शीख घरांतून निसर्गरम्य विवाहाचा प्रश्न आपोआप मिटला आणि तिथले फोटोग्राफर आत, सावलीत, सुखानं काम करतात.

बाकीच्यांचं लग्न शेतात. नदीकाठच्या कुणा पाहुण्याच्या मळ्यात, आंब्याच्या झाडाखाली, लॉनवर. आंब्याखालची सावली भारी दिसते खरी, पण पानांमधून उतरणारे उन्हाचे कवडसे नवरीच्या गालावर पडले की फोटोत चेहऱ्यावर पांढरे डाग उठतात. म्हणून मांडव घालतात. फोटोग्राफर डेकोरेशनवाल्याला हात जोडून सांगतो, वरचं कापड पांढरं लावा. डेकोरेशनवाल्याकडं भगवं-गुलाबी नवं आलेलं असतं. बाराचं ऊन त्या कापडातून गाळून येतं आणि खालची तीनशे माणसं, गुरुजींसह, एकाच रंगात न्हाऊन निघतात. अर्धा मांडव पिवळा असला तर नवरा कावीळ झालेला आणि नवरी गुलाबी अशी फोड पडते. कॉम्प्युटरवर एकाचा रंग सुधारायला गेलं की दुसऱ्याचा बिघडतो. निसर्गाच्या सान्निध्यात लग्न करायचंच असेल तर फोटोग्राफरच्या आधी मांडवाचं कापड ठरवावं, हा सल्ला कुठल्याच पॅकेजमध्ये छापलेला नसतो.

ड्रोनचंही एक शास्त्र आहे. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे अडीचशे ग्रॅमपर्यंतचं यंत्र सगळ्यांत लहान वर्गात मोडतं आणि त्याला सवलती मिळतात. म्हणून बाजारातल्या लोकप्रिय छोट्या ड्रोनचं वजन २४९ ग्रॅम असतं, पाव किलोला एक ग्रॅम कमी. मोकळ्या रानात, हरित विभागात, चारशे फुटांपर्यंत उडवायला हरकत नाही. विमानतळाजवळ परवानगीशिवाय उडवता येत नाही, आणि नांदेड-लातूर दोन्हीकडं विमानतळ आहेत. लातूरला विमानं येवोत न येवोत, नियम येतात. पण कायद्यापेक्षा जड पडतो तो मेमधला वारा. दुपारी तीनला मळ्यात वावटळ उठते आणि २४९ ग्रॅमचं ते यंत्र कडब्याच्या गंजीत जाऊन बसतं. पुढचा अर्धा तास फोटोग्राफरची दोन पोरं आणि वऱ्हाडातली सगळी बाळगोपाळ मंडळी गंज उपसत असतात. त्या वेळेत आहेराचे फोटो राहून जातात. भांडण पुढं त्यावरून होतं, ड्रोनवरून नव्हे.

अवकाळीची गोष्ट वेगळीच. फेब्रुवारी-मार्च २०१४ च्या गारपिटीनं मराठवाड्याचं काय केलं ते इथं कुणी विसरलेलं नाही, त्यामुळं आभाळ भरून आलं की शेतकरी वधुपिता मांडवाकडं आधी बघत नाही, उन्हाळी भुईमुगाकडं बघतो. फोटोग्राफर त्या वेळी त्याच आभाळाकडं आनंदानं बघत असतो. दिवसभरात पहिल्यांदा त्याला हवा तसा मऊ प्रकाश मिळालेला असतो.

या सगळ्यावर तोडगा म्हणून काही घरं गोरज मुहूर्त धरतात. विचार उत्तम. सूर्य मावळतीला, गाई घराकडं वळण्याची वेळ, ऊन तिरपं आणि सोनेरी. पंचांगकर्ता आणि फोटोग्राफर यांचं एकमत होण्याची ही वर्षातली एकच संधी. मेमध्ये इथं सूर्य मावळतो पावणेसातच्या सुमारास. पत्रिकेत सहा पस्तीस. पण परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, मारुतीच्या देवळाकडं निघतो साडेपाचला आणि मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंतचं चारशे पावलांचं अंतर डीजेपुढं नाचणाऱ्या मित्रांमुळं दोन तासांचं होतं. फोटोग्राफर मांडवात प्रकाश मोजत उभा. सात. सव्वासात. तो दिवे लावायला सांगतो. पावणेआठला नवरदेव घोड्यावरून उतरतो आणि विचारतो, "सूर्यासोबतचा तो फोटो होईल ना?"

मराठवाड्यात लग्नं वेळेवर लागल्याची नोंद एकदाच सापडते. एप्रिल २०२१ मध्ये राज्य सरकारनं करोनाच्या निर्बंधांत पंचवीस माणसं आणि दोन तास अशी मर्यादा घातली, मोडली तर पन्नास हजार दंड. तेव्हा मुहूर्त गाठले गेले. त्या काळातले अल्बम पाहावेत, प्रकाश फार सुरेख आहे. फोटोत माणसंच नाहीत ही तक्रार घरोघर आहे.

माणसं हाच या भागातला मूळ विषय, आणि इथं पुण्या-हैदराबादहून बोलावलेला महागडा फोटोग्राफर हमखास मार खातो. त्याला सुरकुत्या आवडतात. पांढऱ्या फेट्यातल्या, बोळक्या तोंडाच्या एखाद्या म्हाताऱ्याचे तो तीस-चाळीस फोटो काढतो, काळे-पांढरे करतो आणि अल्बमच्या मधल्या दोन पानांवर लावतो. फोटो अप्रतिम असतो. पण आजोबा कुणाकडचे हे दोन्ही घरांना सांगता येत नाही, ते शेजारच्या मळ्यातून बुंदी खायला आलेले असतात. सख्ख्या आत्याचे यजमान त्या अल्बमात फक्त एका कोपऱ्यात, पाठमोरे. पुढची चार वर्षं ते या घरच्या कार्याला येत नाहीत.

गावचा फोटोग्राफर असं होऊ देत नाही. त्याला आभाळाचा रंग कळतो का, हा वादाचा विषय होऊ शकेल, पण मांडवाच्या तोंडाशी पांढरी गाडी थांबली की उतरलेले पांढरे कपडे माजी सभापती आहेत की कारखान्याचे संचालक, हे तो दार उघडायच्या आत ओळखतो. संचालकाला तीन क्लिक, माजीला एक. माईकवरचे गुरुजी 'आमच्या विनंतीला मान देऊन' म्हणेपर्यंत त्याचा कॅमेरा टॉवेल-टोपीच्या रेषेत आलेला असतो. आशीर्वादपर भाषण चालू असताना नवरानवरी हातात हार घेऊन ताटकळलेले दिसतात, त्यांच्याकडं तो कॅमेरा वळवत नाही. दुसऱ्या गटाचा नेता आला की पहिल्याला अलगद जेवायला पाठवायचं आणि दोघं एका चौकटीत येणार नाहीत असं उभं राहायचं, हेही तोच सांभाळतो. कॅन्डिडच्या कोर्समध्ये हे शिकवत नाहीत. निसर्गरम्य लग्नासाठी माणूस निवडताना त्याच्याकडं कुठला कॅमेरा आहे हे विचारण्याआधी गेल्या निवडणुकीत तालुक्यात कोण कुणाविरुद्ध उभं होतं, हे विचारून पाहावं.

एरवी लग्न लागताना पाहुण्यांना निसर्ग काही दिसत नाही, नवरानवरीही दिसत नाहीत. दिसतात त्या सहा पाठी. दोन व्हिडिओच्या, दोन फोटोच्या, एक लाईट धरणाऱ्याची आणि एक नवरदेवाच्या मित्राची, जो मोबाइलवर रील काढतोय. मंगलाष्टकं संपतात तेव्हा शेवटच्या 'सावधान'ला मागच्या रांगेतल्या बायका अंदाजानं अक्षदा टाकतात. त्यातल्या बऱ्याच क्रेनवर बसतात. समोरचं लग्न बाजूच्या एलईडी वॉलवर बघावं लागतं, आणि ते तिथं दोन सेकंद उशिरा लागतं.

लग्नानंतर आठ दिवसांनी पेनड्राइव्ह येतो. त्यात चार-पाच हजार फोटो, 'यातले अडीचशे निवडून द्या' या निरोपासह. निवडायला बसते ती नवरी, पण ती आता सासरी आहे, म्हणून सासूबाई, नणंद आणि दोन जावाही बसतात. प्रत्येकीला जो फोटो आवडतो त्यात ती स्वतः चांगली आलेली असते आणि नवरीचे डोळे मिटलेले असतात. माहेरहून मामांचा फोन येतो, ड्रोनचे सगळे ठेवा. ड्रोनच्या फोटोत भगव्या कापडाचा एक चौकोन, भोवती नांगरलेलं काळं रान आणि पार्किंगमधल्या गाड्या. मामा गाड्या मोजतात. दीडशेच्या वर भरतात आणि दोन क्विंटल वसूल होतात.

निवड व्हायला दिवाळी उजाडते. फोटोग्राफर म्हणतो, राहिलेले पंचवीस हजार द्या, अल्बम छापायला टाकतो. मुलीचे वडील म्हणतात, अल्बम द्या, पंचवीस हजार देतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. मध्ये सोयाबीनचा भाव पडतो, मग फोटोग्राफरचा प्रिंटर बिघडतो, मग पुढचा सीझन लागतो. रस्त्यात भेट झाली की दोघं एकमेकांच्या तब्येतीची चौकशी करतात. तो अल्बम साधारण डोहाळजेवणाच्या आसपास घरी येतो, कारण त्या कार्यक्रमासाठी पुन्हा फोटोग्राफर लागतो आणि ओळखीचा तोच असतो. मुलीचे वडील स्टुडिओत जातात, चहा येतो, जुन्या हिशेबाची वही निघते.

"काका, यावेळी छोटंच पॅकेज करू. घरचंच हाय."

"करा की. पण ड्रोन नको."

"ड्रोनचं मामांनी कालच फोन करून सांगितलंय," फोटोग्राफर म्हणतो, आणि मागची बाकी खोडून नवी रक्कम लिहायला घेतो.